आता कधीही बघता येतं

विमलताई,

तुमच्या तेराव्याला मी तीन जिलब्या खाल्ल्या. पहिली तुमच्या सुनेने, रूपालीने, ताटात वाढली. दुसरी "आईंना फार आवडायची हो काकू" म्हणत तिनेच आग्रहाने टाकली. तिसरी मला कुणी वाढली नव्हती. ती मी माझ्या हाताने घेतली. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, बोटांवरचा पाक चाटत मी बसले होते आणि माझी मलाच अशी किळस आली की मोरीत जाऊन ओकावं असं वाटलं. ओकले नाही. हात धुतले आणि परत येऊन बसले.

तुमच्या मुलाने, प्रशांतने, टीव्हीवर तुमचे फोटो लावले होते, एकामागून एक आपोआप बदलणारे. अंबरनाथच्या क्वार्टर्समधली तुमची तुळस, साहेबांच्या, तुमच्या यजमानांच्या, निवृत्तीच्या दिवशीचा घोळका, प्रशांतच्या लग्नातली हिरवी साडी. मध्येच कुणाचा तरी रिमोटवर हात पडला. तुमचा चेहरा गेला आणि तिथे पिस्तूल रोखलेला एक बाप्या आला, त्याच्याखाली आणखी दहा चित्रं, काय बघायचं ते निवडा म्हणून. प्रशांत रिमोट शोधत सोफ्याच्या गाद्या उलटत होता. पाहुणे मठ्ठा पीत बघत होते. एकाने तर विचारलं, "ही चांगली आहे का रे? बघितलीस का तू?"

रूपाली येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून देत होती. "ह्या समोरच्या सुनंदाकाकू. आईंना खरा आधार ह्यांचाच. रोज सात वाजले की आई ह्यांच्याकडे मालिका बघायला. शेवटपर्यंत एक दिवस चुकला नाही."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं असेल, बाई किती नम्र आहे.

शेवटपर्यंत? विमलताई, शेवटचं दीड वर्ष तुम्ही माझ्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मी टाकू दिलं नव्हतं. आणि घरी तुम्ही रोज "सुनंदाकडे जाते" म्हणून निघत होतात, हे मला तेराव्याच्या पंगतीत कळलं. माझी लाज तुम्ही दीड वर्ष झाकत होतात. तिसरी जिलबी मी त्यानंतर घेतली.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. तोंडावर बोलायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते पुढे येईलच.

हेंद्रेपाड्यातल्या ह्या इमारतीत आपण एकाच वर्षी राहायला आलो. तुम्ही अंबरनाथहून, साहेब ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर. मी तेव्हा आनंदनगरच्या एमआयडीसीत, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जात होते. तुमचं दार आणि माझं दार समोरासमोर. दोन्ही उघडी असली की माझ्या स्वयंपाकघरातून तुमचं देवघर दिसायचं. पहिली तीन वर्षं आपण साखर-दह्यापलीकडे बोललो नाही. मग साहेब गेले. त्यानंतर महिनाभराने एका संध्याकाळी तुमची केबल बंद पडली आणि तुम्ही माझ्या दारात उभ्या राहिलात. "आगं, आज लग्न आहे तिचं. एवढा एक भाग बघू दे."

तो एक भाग बारा वर्षं चालला. ती मालिका संपली, दुसरी आली, दुसरी संपली, तिसरी आली. मी कामावरून येऊन चहा टाकायची, पावणेसातला तुमच्या चपला माझ्या दाराबाहेर यायच्या. कधी मटार सोलायला आणायचात, कधी मेथी निवडायला. माझ्या घरातली मेथीसुद्धा तुम्हीच निवडून टाकायचात. "हे" ती वेळ बघून चालायला बाहेर पडायचे. निखिल, माझा मुलगा, तेव्हा कॉलेजात होता. तो आपल्याला "सातचं मंडळ" म्हणायचा.

तुम्ही टीव्हीशी भांडायचात. सासूने विष कालवलं की "अगो, घेऊ नको तो पेला!" म्हणून ओरडायचात. मला हसू यायचं, पण मी कंपनीत दिवसभर उभी राहून आलेली असायची आणि तुमच्या ओरडण्याने माझा शीण जायचा. हे खरं आहे. ह्या पत्रात जे थोडं खरं आणि चांगलं आहे त्यातलं हे एक. माझी आई मी चौदा वर्षांची असताना गेली. कुणीतरी संध्याकाळी माझी वाट बघत बसलंय, असं माझ्या बाबतीत तुमच्यामुळे झालं.

मग तुमच्याकडची केबल प्रशांतने काढली. तो घरून काम करायला लागला होता, हॉलमध्येच टेबल, दिवसभर कुणाशी तरी मीटिंग. टीव्हीला नेट जोडलं, रिमोटवर चार बटणं. त्याने तुम्हाला तीनदा शिकवलं, चौथ्यांदा वैतागला. तुम्हाला फरक पडला नाही. माझ्याकडे केबल होती.

आता ते सांगते.

थंडीचे दिवस होते. त्या दिवशी मालिकेचा दीड तासाचा खास भाग होता. तुम्ही सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसला होतात, तुमच्या नेहमीच्या जागेवर, एकदाही न उठता. भाग संपला, तुम्ही घाईने उठलात, "येते गं" म्हणालात आणि गेलात. मी पेले उचलायला वाकले. तुम्ही बसला होतात तिथे कव्हरवर ओल होती. तळहाताएवढी. वास आला तेव्हा कळलं.

मी ते कव्हर दोन बोटांनी धरून काढलं. साबणाच्या पाण्यात टाकलं, वर फिनेल ओतलं. गादी बाल्कनीत उभी केली.  हे चालून आले, म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "पाणी सांडलं."

रात्री मी ताट अर्ध्यावर सारलं. आणि तेव्हा मला तुमची दया आली नाही, विमलताई. रागही नाही. शिसारी आली. तुमच्या हाताने निवडलेली मेथी मी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला तुम्ही आलात ते काखेत चटई घेऊन. "खाली बसलं की कंबर बरी राहते," म्हणालात आणि जमिनीवर बसलात. शहात्तर वर्षांची बाई. भाग संपल्यावर टीव्हीच्या कपाटाचा कोपरा धरून उठायला तुम्हाला तीन प्रयत्न करावे लागले. मी बघत होते. तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं की तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणू शकले असते, "ताई, वयाने होतं, आपण डॉक्टरकडे जाऊ." मी म्हणू शकले असते, "ही घ्या प्लॅस्टिकची खुर्ची, खाली नका बसू." काही म्हटलं नाही. तुम्ही गेल्यावर तुम्ही बसलेल्या जागी रोज पोछा मारला, दोनदा.

त्याच महिन्यात आपलं ते भांडण सुरू झालं. मालिकेतली धाकटी सून कुणाला न सांगता घर सोडून गेली होती. मी म्हणाले, "बरं केलं. सांगून गेली असती तर जाऊ दिलं असतं का कुणी?"

"जायचं तर जावं की," तुम्ही म्हणालात. "पण सासूच्या तोंडावर सांगून जायचं होतं. 'मला तुमच्याबरोबर राहायचं नाही.' एवढंच. म्हातारी रडली असती चार दिवस. आता रोज दाराकडं बघत बसलीय."

"तोंडावर बोलायला धीर लागतो, ताई."

"धीर नसंल तर दुसऱ्याला दारात बसवू नये."

आठवडाभर वाद चालला. तुम्ही माझ्याकडे न बघता बोलत होतात, पडद्याकडे बघून. मी मूर्ख. मला वाटत होतं आपण मालिकेबद्दलच बोलतोय.

मग आमचा टीव्ही बिघडला. पडद्यावर उभ्या रेघा. निखिल नोकरीला लागला होता, म्हणाला नवाच घेऊ. शनिवारी आम्ही तिघं उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात गेलो, निखिलच्या मित्राच्या ओळखीचं दुकान. दुकानदार सिंधी, तरुण, तोंडात मराठी-हिंदी एकत्र. "आंटी, हे बघा, आवाजाने चालतो. बोला फक्त, लावून देणार."

मी विचारलं, "ह्याला केबल लागते का?"

"लगती है ना आंटी, क्यूं नहीं लगेगी? मागे पिन आहे. पण आता केबल बघतो कोण?"

लागते. माझ्या कानांनी ऐकलं. परत येताना रिक्षात निखिल म्हणाला, "आई, केबल ठेवायची असेल तर ठेवू. तुमचं सातचं मंडळ आहे ना."

मी म्हटलं, "काढून टाक."

"विमलकाकूंचं काय?"

"त्यांच्या घरी आहे की टीव्ही. किती दिवस आपण."

 ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाहेर बघायला लागले. आमच्या घरात कुणी कुणाला जास्त विचारत नाही. त्याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो.

केबलवाला डबा न्यायला आला तो दिवस मला लख्ख आठवतो. तोही उल्हासनगरचाच. बारा-पंधरा वर्षं हाच माणूस, खांद्यावर वायरचं वेटोळं. त्याने डबा काढला, वायर गुंडाळली, खिडकीच्या चौकटीतलं भोक बोळा घालून बुजवलं. जाताना तुमच्या दाराकडे मान वळवून म्हणाला, "भाभी, वो सामनेवाली अम्मा? वो तो आपके यहां देखती थी ना?"

"त्या पण बघतील ना. नया में सब आता है," मी म्हटलं.

"उनको नहीं जमेगा, भाभी," तो म्हणाला. एवढंच. वायर घेऊन गेला. महिन्यातून एकदा दारात येणाऱ्या माणसाला तुमची आठवण झाली.

त्या संध्याकाळी तुम्ही चटई घेऊन आलात. मी दारातच म्हटलं, "ताई, केबल काढली. नव्या टीव्हीला केबल लागत नाही म्हणे."

हे तुमच्याशी बोललेलं माझं पहिलं खोटं. पुढची मोजत बसत नाही.

निखिल घरी होता. तो बिचारा उत्साहाने म्हणाला, "या ना काकू, बसा. तुमची मालिका ह्याच्यातही आहे. उलट टीव्हीवर यायच्या आधी बघता येते. आता सातची वाट बघायला नको. सकाळी बघा, दुपारी बघा. कधीही बघता येतं."

तुम्ही त्या मोठ्या काळ्या पडद्याकडे बघितलंत. मग निखिलकडे. मग माझ्याकडे.

"कधीही म्हणजे," तुम्ही विचारलंत, "मी कधी येऊ?"

निखिल हसला. हे हसले. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला विचारत होतात. सात वाजता टीव्हीवर मालिका लागते म्हणून बारा वर्षं तुम्हाला माझ्या घरी यायचा हक्क होता, कुणाची परवानगी लागत नव्हती. आता ती वेळच राहिली नव्हती. आता मी बोलावलं तरच.

"मी हाक मारीन ना तुम्हाला," मी म्हटलं.

हाक मारली नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही बेल वाजवलीत. मी दार अर्धं उघडून म्हटलं, "नेट बंद आहे हो." माझ्या मागे टीव्हीवर आपल्याच मालिकेतली माणसं तोंडं हलवत होती. बेल ऐकल्यावर मी आवाज बंद केला होता. माझ्या खांद्यावरून तुम्हाला ती दिसली की नाही, मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "असू दे, असू दे," आणि वळलात. दार लावून मी आवाज वाढवला. काय बघितलं ते आठवत नाही.

आणि ऐका, ती मालिका मी महिनाभरात सोडली. एकटीला बघवेना. विष कालवलं तरी कुणी ओरडत नाही, काय मजा? निखिल त्याच्या खोलीत लॅपटॉपवर काहीतरी बघतो, हे फोनवर कुस्त्या बघतात, मी हॉलमध्ये एवढ्या मोठ्या पडद्यापुढे बसून काय बघायचं ते शोधते. तासभर नुसती चित्रं सरकवते. प्रत्येक चित्र दोन क्षण हलतं, किंचाळतं, पुढे जातं. खून, कट, आणखी एक खून. उकिरड्यात हात घालून बसल्यासारखं वाटतं. मग बंद करून झोपते. तुम्हाला हाकलून मी हे मिळवलं.

तुम्ही मला एकदा खाली भेटलात. भेटलात म्हणजे मला दिसलात. मी भाजी घेऊन येत होते. जिन्याच्या मागे, मीटरच्या खोलीसमोर वॉचमनकाका बसतात, तिथे त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर तुम्ही. हातात प्रशांतचा जुना फोन, डोळ्यांजवळ धरलेला. फोनमधून आपल्या मालिकेचं गाणं येत होतं. सात वाजले होते.

मला बघून तुम्ही उजळलात. हेच मला सगळ्यात जास्त सहन होत नाही. तुमचा चेहरा उजळला. "आगं सुनंदा, बघ गं जरा. हा भाग संपला की पुढं जातच नाही. परत तोच लागतो. ह्या काकांनी लावून दिला होता, त्यांनाही कळंना. आठ दिवस तोच बघतेय."

वॉचमनकाका ओशाळून म्हणाले, "माझा बी साधा फोन आहे ताई, मला काय कळतंय."

मी वाकून बघितलं. तोच भाग, धाकटी सून घर सोडून जाते तो. मला काढता आला असता पुढचा. दोन बोटांचं काम होतं. पण तुमच्याजवळ वाकल्यावर तो वास आला. पुसट. आला की मी आणला, देव जाणे. मी सरळ उभी राहिले. "निखिलला सांगते," म्हटलं आणि जिना चढले.

निखिलला सांगितलं नाही.

आणि घरी तुम्ही सांगत होतात, सुनंदाकडे जाते.

तुम्हाला दवाखान्यात नेल्याचं मला रूपालीने सांगितलं. छातीत दुखत होतं, तीन दिवस अतिदक्षता विभागात, मग वॉर्डात आणलं. मी दुसऱ्या दिवशी चार वाजता आले. नारळपाणी आणलं होतं. प्रशांत औषधं आणायला खाली गेला होता. तुमचा हात पलंगाच्या कडेवर होता, सुई टोचलेला, हिरवा-निळा झालेला. मी तो धरला. खूप दिवसांनी मी तुम्हाला हात लावला.

तुम्ही आधी दाराकडे बघितलंत. मग म्हणालात, "सुनंदा, तुझ्या सोफ्याचं ते कव्हर."

मी तुमच्या हातावरच्या सुईकडे बघायला लागले.

"मी धुवून द्यायला पाहिजे होतं. तू धुतलंस. मी बोलणार होते, पण..."

विमलताई, हा क्षण तुम्ही माझ्यासाठी आणला होता. सुई टोचलेल्या हाताने, दम लागत असताना. मी एवढंच म्हणायचं होतं, "हो ताई, धुतलं मी. आणि मग मी फार वाईट वागले." आठ-दहा शब्द. तुम्ही मला तिथल्या तिथे मोकळं केलं असतं, मला माहीत आहे तुमचा स्वभाव.

मी डोळे मोठे केले आणि म्हटलं, "कसलं कव्हर?"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रागाने नाही. एखाद्या मुलाने सरळ सरळ खोटं बोलावं आणि आईने ते ओळखून सोडून द्यावं, तसं. मग तोंड भिंतीकडे केलंत. "काही नाही गं. पाणी दे."

मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

त्या वेळी मला वाटलं होतं की मी तुमची लाज राखली. घरी येईपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होते. रिक्षात डोळ्यांना पदरसुद्धा लावला. शी.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी तुमच्या घरी गेले. रूपाली तुमचं कपाट आवरत होती. पलंगभर साड्या. "काकू, एक घ्या ना आठवण म्हणून. तुमचा हक्क आहे," ती म्हणाली आणि ती निळी इरकल पुढे केली.

मी साडी घेतली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोफा, चटई, उल्हासनगरचा दुकानदार, जिन्याखालची खुर्ची, दवाखाना. सांगताना माझा आवाजही कापला नाही. वाटलं, रूपालीला ठाऊकच असेल, एका घरात राहत होत्या दोघी.

तिला ठाऊक नव्हतं.

ती हातातल्या साडीकडे बघत राहिली. "म्हणून त्या साड्या मशीनला टाकू द्यायच्या नाहीत," ती म्हणाली. "सकाळी पाचला उठून मोरीत स्वतः धुवायच्या. मला वाटायचं, माझ्या हातचं धुतलेलं चालत नाही त्यांना. किती भांडले मी त्यावरून. एकदा म्हटलं, एवढी घाण वाटते का माझी?"

ती पलंगावर साड्यांच्या ढिगातच बसली.

"आणि तुम्हाला माहीत होतं काकू. दीड-दोन वर्षं."

"हो."

"मला सांगायचं होतं. मी नेलं असतं ना डॉक्टरकडे. उचलून नेलं असतं."

"हो."

"तुम्ही जा आता."

मी निघाले. दाराशी गेल्यावर काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मलाही होतं गं रूपाली. शिंकले की. वर्ष झालं."  माझ्यामागे दार लागलं.

घरी येऊन मला कळलं मी काय केलं ते. मला हलकं वाटत होतं. माझ्या छातीवरचं मी उचलून त्या पोरीच्या छातीवर ठेवून आले होते. आता तिला आयुष्यभर पहाटे पाचचा पाण्याचा आवाज ऐकू येणार. माझ्या कबुलीतसुद्धा मी माझीच सोय बघितली, विमलताई. चाळीस वर्षं औषधांच्या बाटल्या तपासल्या, एकीत कचरा दिसला तर अख्खी पेटी बाजूला काढायचे. स्वतःला कधी उजेडात धरून बघितलं नाही.

आठ दिवस तुमचं दार बंद होतं. रूपाली जिन्यात दिसली तरी बघायची नाही. मग परवा सकाळी बेल वाजली.

"उद्या अकराला तयार राहा," ती म्हणाली. "बाई डॉक्टर आहेत. नंबर लावलाय तुमचा."

"रूपाली, तू कशाला..."

"माझा राग गेलेला नाही काकू. जाईल की नाही, माहीत नाही. तयार राहा."

रिक्षात ती एका टोकाला आणि मी एका टोकाला. दवाखाना छोटा, बाकडी भरलेली, सगळ्या बायका. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय त्रास आहे?" मी हळू आवाजात म्हटलं, "असंच, अशक्तपणा."

"लघवी थांबत नाही ह्यांना," रूपाली मागून म्हणाली. स्वच्छ, मोठ्या आवाजात. "शिंकलं, खोकलं की होते. वर्षभर अंगावर काढलंय."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. भिंतीजवळच्या बाकड्यावरची एक तरुण बाई पटकन सरकली, पार कडेला. माझे कान तापले. वाटलं, बरोबर आहे, असंच व्हायला हवं होतं माझं. जमिनीत जावं असं वाटलं.

त्या बाईने मोकळ्या झालेल्या जागेवर हात आपटला. "बसा ना मावशी. उभ्या किती राहणार?"

मी बसले.

"माझ्या आईलाही होतं हे," ती सहज म्हणाली, गुडघा दुखतो म्हणावं तसं. "तिची तर सत्तरी झालीय. ह्याच डॉक्टरांचं औषध, आणि काय ते व्यायाम करायला लावतात. पुष्कळ फरक पडला. आता लग्नाकार्याला जाते, चार-चार तास बसते."

रूपाली माझ्यासमोर उभी होती. तिने तोंड फिरवलं आणि भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी त्या तरुण बाईला म्हटलं, "जरा सरकता का आणखी थोडं?" आम्ही दोघी सरकलो. रूपालीपुरती जागा झाली. ती लगेच बसली नाही. तक्ता पुन्हा वरपासून वाचला. माझा नंबर पुकारायच्या जरा आधी ती आली आणि बसली.